निम्मे प्रमाण आणि पुरते कर्तव्य

शहर हे रोगांचे माहेरघर आणि खेडे आरोग्याचे, अशी आपली फार दिवसांची समजूत आहे. कर्करोगाच्या बाबतीत आकडेही प्रथमदर्शनी तिचीच साक्ष देतात. मुंबईतील या रोगाची नोंद १९६४ सालापासून उपलब्ध आहे; बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांची नोंद १९८७ साली सुरू झाली. वयोमानातील भेद वजा करून पाहिले असता दर लाखामागे बार्शीकडील प्रमाण मुंबईच्या सुमारे निम्मे भरले. यावरून शहर आपल्या पापाचे फळ भोगते आहे, असा निकाल देण्याचा मोह कोणासही होईल.

परंतु या निकालाची किंचित परीक्षा केली पाहिजे. मुंबईच्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग अधिक. बार्शीकडे, निदान आरंभीच्या वर्षांत, गर्भाशयमुखाचा अधिक. उशिरा झालेले पहिले बाळंतपण, थोडी मुले आणि दीर्घ आयुष्य या गोष्टींनी पहिल्या रोगाचा संभव वाढतो. दुसऱ्याचे मूळ एका विषाणूत असून अल्पवयातील विवाह व वारंवारची बाळंतपणे त्यास साह्य करतात. स्त्रियांचे शिक्षण आणि प्रौढविवाह यांचा पुरस्कार ज्यांनी केला, त्यांनी काय पाप केले? आणि जिचे लग्न तिला न विचारता लहानपणीच लावून दिले, तिचा तरी कोणता दोष? रोग हा न्यायाधीश नव्हे, एवढेच यावरून सिद्ध होते.

आता दुसरी गोष्ट. बार्शीकडील कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव हिंडले व लोकांस रोगाची लक्षणे सांगू लागले. तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. म्हणजे तोवरच्या विलंबास खेड्याचा अडाणी हट्ट कारण नव्हता. त्यांना सांगावयास कोणी गेलेच नव्हते.

पुढे धाराशिव जिल्ह्यात, त्यावेळच्या उस्मानाबादेत, मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सुमारे चौतीस हजार स्त्रियांच्या एका गटात विषाणूची तपासणी एकवार करण्यात आली. सुमारे साडेएकतीस हजारांच्या दुसऱ्या गटास माहिती व नेहमीचे उपचार एवढेच लाभले. आठ वर्षांत या रोगाने पहिल्या गटातील ३४ स्त्रिया दगावल्या, दुसऱ्यातील ६४. दुसऱ्या गटास तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय? देशातील बहुतेक स्त्रियांस ती मिळतच नव्हती, असे उत्तर देतात. हे उत्तर खरे आहे; पण त्याने समाधान होत नाही. अन्याय सार्वत्रिक असला म्हणून तो न्याय ठरत नाही. तुलनेवाचून हे ज्ञान इतक्या निश्चितीने हाती आले नसते, हेही आम्ही नाकारीत नाही.

तेव्हा आमचे मत असे की, हे ज्ञान म्हणजे ऋण होय. ज्या स्त्रियांच्या जिवावर ते मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ती तपासणी पोहोचेल तेव्हाच ते फिटेल. आम्हां शहरवासीयांपैकी बहुतेकांची आजोळे आणि भाऊबंद अद्याप खेड्यांतच आहेत. सणावारी आम्ही तेथे जातो आणि तेथील हवेची स्तुती करून परततो. तिकडे रोगाचे प्रमाण निम्मे असेल. म्हणून आमचे कर्तव्य निम्मे होत नाही.