ठसा आणि भांडे



इंग्लंडमधले चांदीचे जुने भांडे उलटे केले, तर बुडाशी नखाएवढे ठसे दिसतात. कारागिराची आद्याक्षरे, चालणारा सिंह, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी, बिबट्याचे डोके, म्हणजे कस लंडनमध्ये लागला, आणि वर्ष सांगणारे एक अक्षर. कस पाहण्याचे काम ‘गोल्डस्मिथ्स हॉल’मध्ये होई. ‘हॉलमार्क’ हा शब्द तिथूनच आला. दागिना घेताना आपणही सोनाराला त्याच हॉलमार्कबद्दल विचारतो.

१७२० साली तिथे चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला. कर वजनावर, म्हणून काही कारागिरांनी युक्ती काढली. लहानसा तुकडा हॉलमध्ये न्यायचा, थोडा कर भरून त्यावर ठसे मारून घ्यायचे आणि तो तुकडा मोठ्या, जड भांड्याच्या बुडाशी डाख देऊन बसवायचा. आज जाणकार अशा भांड्यावर तोंडाची वाफ सोडतात. मग जोडाची रेघ उमटते.

यात खोटे काय होते? ठसे खरे होते. पुष्कळदा भांड्याची चांदीही चांगली असे. खोटा होता तो दोहोंचा संबंध. तपासले एक आणि ग्वाही दिली दुसऱ्याची.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. स्नानसंस्काराने आपल्यावर ख्रिस्ताची मुद्रा उमटली आहे. शाळेच्या प्रवेशाला, लग्नाला आपण तिचा दाखला काढतो. पण रविवारचा एक तास चर्चमध्ये आणि बाकीचे दिवस भावाच्या जमिनीत बांध सरकवण्यात, मजुराची मजुरी अडवण्यात गेले, तर आपणही ठशाची चकती न तपासलेल्या भांड्याला जोडत नाही का?

मग अशा माणसाची मुद्रा पुसली जाते का? नाही. संत ऑगस्टीनने सैन्यातून पळालेल्या सैनिकाचे उदाहरण दिले आहे. त्याच्या अंगावरची सैन्याची खूण जात नाही. तो परत आला, तर ती पुन्हा उमटवावी लागत नाही. पण पळालेला असेपर्यंत तीच त्याच्यावर आरोप करते. म्हणूनच ख्रिस्तसभा कोणाचाही स्नानसंस्कार दुसऱ्यांदा करीत नाही.

इथे सोनाराचा आणि देवाचा क्रम उलटा आहे. हॉलमध्ये आधी कस लागतो, मग ठसा मिळतो. देवाने आपल्यापैकी बहुतेकांवर आपण तान्हे असताना, काहीच सिद्ध केलेले नसताना मुद्रा उमटवली. ती शुद्धतेचे बक्षीस नाही. आपण कोणाचे आहोत हे ती सांगते आणि त्याला शोभेसे होण्याची जबाबदारी देते. कस पुढे आयुष्यभर लागत राहतो: बाजारात, बांधावर, स्वयंपाकघरात.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एकच पाहावे. आपल्या व्यवहारातला असा कोणता भाग आहे, जो आपण कधीच तपासायला आणलेला नाही? तो घेऊन पापनिवेदनाला येऊ या.