रुळांवरच्या पोळ्या



अरण्यात सांज झाली, तेव्हा भुकेल्या समुदायाला पाठवून द्यावे असे शिष्यांना वाटले. प्रभू येशूने ते मानले नाही. 2020 च्या टाळेबंदीत आपण मात्र पाठवून दिले. जालन्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेल्या 16 कामगारांना 8 मे रोजी करमाडजवळ मालगाडीने चिरडले. दमून ते रुळांवरच झोपले होते. शेजारी पोळ्या विखुरल्या होत्या.

तेव्हा सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. पण परप्रांतीय मजुराचे रेशनकार्ड गावी आणि पोट इथे.

आपल्या लोट्याच्या एमआयडीसीतही परगावचे कामगार आहेत. ह्या आठवड्यात अशा एकाचे तरी नाव विचारू या. त्याला इथे रेशन मिळते का, हेही. ओळख असली तर संकटात कोणी कोणाला पाठवून देत नाही. आमेन.