जिंकलेली घंटा

नाशिकला गोदावरीच्या काठी, पंचवटीच्या बाजूला, नारोशंकराचे देऊळ आहे. मूळ नाव रामेश्वर. पण सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधले आणि लोकांनी देवापेक्षा भक्ताचेच नाव अधिक लक्षात ठेवले. या देवळाच्या तटाला, नदीकडे तोंड करून, एक थोरली घंटा टांगलेली आहे. घंटा पोर्तुगीज घडणीची. तिच्यावर साल कोरलेले आहे १७२१. म्हणजे ती देवळाहून सव्वीस वर्षांनी मोठी. परंपरा सांगते की, वसई जिंकल्यावर ती इकडे आली. वाईजवळच्या मेणवलीला अशीच एक घंटा आहे, भीमाशंकरलाही आहे.

वसईचा किल्ला उल्हास नदीच्या मुखावर उभा आहे. दोन्ही अंगांना समुद्र आणि खाडी, जमिनीची वाट काय ती एकाच बाजूने. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तो दोनशे पाच वर्षे त्यांच्याकडे राहिला. त्या काळात देवळे पडली, बाटवाबाटवी झाली, गोव्याच्या धर्मन्यायालयाचा धाक इथवर पोचला. मग १७३७ साली पेशव्यांनी साष्टी-वसईची मोहीम उघडली. ठाणे लवकर हाती आले, वसई मात्र येईना. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी निकराचा वेढा घातला; सुरुंग लावून बुरूज उडवले. खिंडारातून चढताना हजारो माणसे कामी आली. मे महिन्यात किल्ल्याने मान तुकवली.

इथपर्यंतचा इतिहास आपल्याला पाठ असतो. प्रश्न पुढेच आहे. एका धर्माच्या माणसांना प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळात वाजावी, हे न्यायाचे आहे काय?

एक उत्तर तयारच असते : त्यांनी आमची देवळे पाडली, आम्ही त्यांच्या घंटा आणल्या, फिटंफाट झाली. पण ज्याने देऊळ पाडले त्याचे देणे, घंटेचा नाद ऐकून गुडघे टेकणाऱ्या गरीब कोळणीने का फेडावे? दुसरे उत्तरही तितकेच तयार असते : झाले ते वाईट झाले, आपण लाजून मान खाली घालावी. हे उत्तर दिवाणखान्यात बसून देणे फार सोपे असते. खिंडारात पडलेल्या मावळ्याच्या विधवेपुढे ते देताना जीभ अडखळेल. शिवाय ती घंटा वितळवून कोणी तोफ ओतली नाही. तिला पुन्हा देवाच्याच दारी टांगले, आणि तिचे काम तिच्याकडेच राहू दिले. एवढी जाण त्या काळच्या मनाला होती, हे विसरून चालणार नाही.

माझ्या मते विजयाची परीक्षा तट पडल्यानंतर सुरू होते. तट पडेपर्यंत माणूस संतापावर लढू शकतो. हात भरलेले असताना तो कसा वागतो, त्यावर त्याची किंमत ठरते. वसईच्या तहात शिबंदीला हत्यारांनिशी, निशाण आणि वाद्ये घेऊन बाहेर पडू दिले. आठवडाभराच्या मुदतीत ज्यांना जायचे होते ते आपल्या चीजवस्तूंसह गेले. जे राहिले त्यांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

आणि जे राहिले, तेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहेत. पोर्तुगीज अंमलदार जहाजात बसून निघून गेला. पण घंटेच्या नादावर ज्यांचा दिवस उगवत होता ते केळी-पानवेलीचे बागाईतदार, ते मासेमार कुठे जाणार? ते इथलेच होते. त्यांचे वंशज आजही वसईत आहेत, घरात मराठीच्याच बोली बोलतात. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मग ‘शत्रूची घंटा’ म्हणताना आपण नेमके कोणाला शत्रू म्हणतो? आपला आणि परका यांमधली रेघ आपण तटावर ओढली होती. ती तिथे नव्हतीच. तिच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती.

तटाचे म्हणाल, तर त्याने आपल्याला फार दिवस साथ दिली नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज पत्करली. आजोबांच्या पिढीने रक्ताने मिळवलेल्या जागी नातवाने शाईने स्वातंत्र्य लिहून दिले. दगड जिंकले तसे गेले. राहिलेल्यांना दिलेला शब्द मात्र आजही वसईच्या गावागावांतून नांदतो आहे.

तेव्हा घंटा परत करा, असे मी म्हणणार नाही. पावणेतीन शतके ती गोदेचे पूर पाहत आली, आता ती नाशिकची झाली आहे. पण दुसऱ्याची वस्तू ज्याच्या घरी आहे, त्याने ती कोणाची होती हे विसरू नये, एवढे कर्ज तिच्याबरोबर येते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन पंचवटीत जाल, तेव्हा चिमाजीअप्पांचा पराक्रम त्यांना अवश्य सांगा. मग त्यांना तो १७२१ चा आकडाही वाचायला लावा, आणि त्या वर्षी ही घंटा ऐकून कोण कोण घराबाहेर पडत असेल, हे त्यांना विचारा.