मुक्काम पोस्ट रौजा

औरंगाबादच्या छावणीत गुरुवारचा बाजार भरतो. बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ, रुमालाखाली बोटं दाबून चाललेला भाव, शेळ्यांचा कलकलाट. त्या गर्दीतून सुटून नगर नाका मागे टाकला की पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबादचा तट. तटाच्या दिल्ली दरवाजातून वाहनं अंग चोरून निघतात, पुढे घाट लागतो आणि वर खुलदाबाद. जुनी माणसं अजून ‘रौजा’च म्हणतात. खुलदाबाद हे नाव औरंगजेबाला मेल्यानंतर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या पदवीवरून पडलं. म्हणजे गावाचं नावसुद्धा एका मृताकडून आलेलं.

एकोणिसाव्या शतकात छावणीतले साहेब याच वाटेने रौजाला जात. तेव्हा इथे हैदराबाद कंटिन्जंटची पलटण असे. खाली उन्हाची तलखी आणि वर डोंगरावर थोडा गारवा, त्यामुळे साहेबांना तिथे मुक्कामाची जागा हवी होती. निजामाच्या राज्याची जी जुनी वर्णनं इंग्रजीत छापली गेली, त्यांत मलिक अंबर आणि तानाशहाच्या कबरींबरोबर एक वाक्य येतं. ‘निजामशहा भैरी’ याच्या मकबऱ्याचा औरंगाबादच्या कंटिन्जंटमधल्या अधिकाऱ्यांनी प्रवाशांसाठी बंगला करून घेतला, एवढंच ते सांगतं. मकबऱ्यात खाटा टाकल्या, इतकं साधं. वाक्य लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

मला त्या वाक्यातला एकच शब्द सोडवत नाही, ‘भैरी’. कोण हा निजामशहा भैरी?

उत्तर सोपं वाटतं. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा बहिरी. १४९० साली तो स्वतंत्र झाला, १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवायला घेतलं. पण या अहमदची कबर नगरमध्येच आहे, बागरोजात, काळ्या दगडाच्या घुमटाखाली. एका राजाला दोन कबरी कशाला? मग काही जण खुलदाबादचा मान त्याच्या मुलाला, बुऱ्हाणला देतात. त्यातही अडचण आहे. बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला होता. १५५३ मध्ये तो वारला तेव्हा त्याला आधी बापाशेजारी बागरोजात ठेवलं आणि नंतर त्याचे अवशेष करबलाला पाठवले, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. फरिश्ता पुढे नगरच्याच दरबारात वावरला, त्यामुळे त्याचा शब्द सहज झटकता येत नाही.

‘बहिरी’ या शब्दाची कुळकथाही फरिश्त्यानेच दिली आहे, आणि ती मराठवाड्याच्या माणसाने ऐकावी अशी आहे. अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, भैरूचा मुलगा. लहानपणी बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, राजपुत्राबरोबर वाढला. राजपुत्राच्या जिभेवर ‘भैरू’ नीट बसेना, म्हणून त्याचं ‘बहिरी’ झालं. दुसरी हकीकत अशी की त्याच्याकडे शाही शिकारी पक्ष्यांची देखरेख होती, आणि बहिरी ससाणा तर आपल्याला ठाऊकच आहे. या घराण्याचं मूळ कुळकर्णीपण परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं. बुऱ्हाणने पाथरीसाठी इमादशाहीशी भांडण काढलं आणि ती जिंकून घेतली, ते या ओढीपायीच. इंग्रज लेखकाच्या कानावर जे ‘भैरी’ पडलं ते भैरव आणि ससाणा यांच्या बरोबर मधोमध पडतं. तिकडे कोकणात भैरी हा ग्रामदेव. आणि आपण घरात ‘बहिरी’ म्हणतो ते वेगळ्याच अर्थाने. कबरीला कितीही हाका मारा, शेवटी तोच अर्थ खरा ठरायचा.

मुख्य म्हणजे हे एकट्या अहमदचं नाव नव्हे, घराण्याचं बिरुद आहे. प्रत्येक निजामशहा बहिरीच. त्यामुळे त्या नावाने माणूस ओळखायला जाणं म्हणजे ‘कुलकर्ण्यांच्या घरचा’ एवढ्यावरून कुलकर्णी शोधण्यासारखं आहे.

माझा स्वतःचा कल तिसऱ्याकडे आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्यानंतर पाचेक वर्षांत त्याच्या मुलाने, फतहखानाने, दौलताबादेत आपल्याच निजामशहाला ठार केलं आणि गादीवर एक पोर बसवलं. नगर तर १६०० मध्येच मोगलांनी घेतलेलं. बागरोजाची वाट शत्रूच्या मुलखातून जाणारी. खून झालेल्या राजाचा देह गुपचूप आणि लवकर हलवायचा असेल तर घाट चढून रौजाला नेण्याइतकं सोयीचं दुसरं काय होतं? तिथे सुफी संतांच्या सावलीत शेकडो जण आधीच निजलेले. याला पुरावा म्हणत नाहीत हे मी जाणतो. पण राजधानीचं शहर आणि कबरीचं ठिकाण जवळ असावं, हा विचार एखाद्या बिरुदापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

अशाच वादाचा सगळ्यात गाजलेला नमुना ग्रीसमधल्या व्हर्जिनाचा. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी मातीच्या मोठ्या टेकाडाखालची एक न लुटलेली कबर उघडली. आत सोन्याची पेटी, झाकणावर किरणांचा तारा, पेटीत जाळलेली हाडं. दर्शनी दालनात दुसरी पेटी, तिच्यात एका स्त्रीची हाडं. हा अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप, असं आंद्रोनिकोस यांनी जाहीर केलं. फिलिपचा उजवा डोळा लढाईत गेला होता, तेव्हा कवटीच्या खोबणीवर जखम शोधली गेली. काहींना ती दिसली, काहींना नाही. पिंडऱ्यांवरच्या कवचांच्या जोडीत एक आखूड निघालं. तेव्हा लंगडा फिलिप, असं एक म्हणाला, आणि ती तर शेजारच्या दालनातल्या बाईची, असं दुसरा. मग २००० मध्ये अंतोनिस बार्त्सिओकास यांनी निराळाच मुद्दा काढला: हाडं मांसासकट जळली की आधी वाळून नंतर जळली? वाळून जळली असतील तर हा फिलिप नव्हे, त्याचा दुसरा मुलगा अरिडेअस. त्याला इ. स. पू. ३१७ मध्ये मारलं आणि नंतर उकरून राजाच्या मानाने पुन्हा पुरलं. २०१५ मध्ये याच बार्त्सिओकास यांनी शेजारच्या कबरीतला जखडलेला गुडघा पुढे केला आणि फिलिप तिथे आहे असं सांगितलं. पहिल्या पक्षाने ते मानलेलं नाही.

या भांडणात पुनर्दफनाचा मुद्दा निघाला तिथे मी थांबलो. कारण आपल्याकडच्या राजांच्या बाबतीत तर ती नेहमीची गोष्ट. मुमताज १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात गेली, तापीकाठच्या बागेत तिला पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला वारला. तिथेही एक छावणी आहे आणि तिथेही त्याच्या नावाचं स्थान आहे, देह मात्र खुलदाबादला आला. शिया रिवाजात याला नावच आहे: अमानत. देह जमिनीकडे ठेव म्हणून सोपवायचा, पुढे सवड झाली की तो काढून पवित्र भूमीत न्यायचा. बुऱ्हाणचं तेच झालं. तेव्हा ‘इथे कोण पुरलंय?’ हा प्रश्न विचारतानाच आपण घाई करतो. कोण पुरलं होतं आणि किती दिवस, असं विचारायला हवं. काही मकबरे राहती घरं नसतातच, धर्मशाळा असतात. इथून कुणी उठून गेला असेल तर घुमट रिकामा राहतो, नाव राहतं, आणि आपण त्या नावाखाली हाडं गृहीत धरतो.

लोक हा रिकामपणा फार वेळ सहन करत नाहीत. नगरबाहेरच्या शाह डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत सगळा जिल्हा ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखतो. शाळांच्या सहली तिथे जातात, डबे उघडले जातात. प्रत्यक्षात तो मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याचा मकबरा. खाली तळघरात त्याची कबर आहे. मंत्र्याचं नाव कुणाला सांगता येत नाही, आणि मोगलांशी किल्ला लढवणारी बाई प्रत्येकाला ठाऊक. मग डोंगरावरची सगळ्यात उंच जागा तिलाच मिळाली. मला यात अज्ञानापेक्षा न्यायबुद्धी जास्त दिसते. पाटी लावून ती पुसायची खटपट फारशी यशस्वी होणार नाही.

उलटी गोष्टही खरी. २०२५ च्या मार्चमध्ये खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीभोवती पत्रे उभे राहिले, पोलीस आले, देशभर आरडाओरडा झाला. त्या कबरीत कोण आहे याबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. भांडायला खात्रीची कबर लागते. निजामशहा भैरीकडे त्या दिवसांत कुणी फिरकलं असेल असं वाटत नाही.

छावणीचे साहेब तरी फिरकत. एखादा लेफ्टनंट घोड्याचा लगाम नोकराच्या हाती देऊन आत शिरला असेल, जाड भिंतींची थंडी अंगाला लागल्यावर त्याला बरं वाटलं असेल. वेरूळची लेणी पाहून संध्याकाळी परत यायचं, कंदिलाच्या उजेडात कोंबडी खायची, घुमटाखाली स्वतःच्याच आवाजाचा घुमारा ऐकत झोपायचं. घरमालक कोण, हे त्याने खानसाम्याला विचारलं असेल आणि खानसाम्याने सांगितलं असेल, “निजामशहा, साहेब.” कितवा, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नसेल.

अशा बंगल्यांत एक वही ठेवलेली असे. मुक्कामाला येणाऱ्याने तिच्यात आपलं नाव लिहायचं, हुद्दा लिहायचा, आल्याची तारीख लिहायची आणि निघताना गेल्याची.