कपाटाची किल्ली कुणाकडे?

चौथा तास चालू असतो. शिपाई दारात येऊन बाईंच्या हातात चिठ्ठी देतो. बाई ती वाचतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलाचं नाव घेऊन सांगतात, ‘‘जा, कौन्सेलर मॅडमनी बोलावलंय.’’ नववीचा अख्खा वर्ग वळून बघतो. मागच्या बाकावरून ‘ओऽऽ’ असा सूर निघतो. मुलगा उगाचच दप्तराची चेन लावतो, उघडतो, पुन्हा लावतो आणि मान खाली घालून बाहेर पडतो. समुपदेशकाच्या खोलीपर्यंत पोहोचताना त्याच्या मनात एकच विचार असतो : परत आल्यावर वर्गाला काय सांगायचं?

ही चिठ्ठी धाडण्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. शाळेने समुपदेशक नेमलेला असतो, खोली दिलेली असते, दारावर पाटीही असते. हा माणूस शाळेत नेमका कुणासाठी आहे, हे मात्र कुणी बसून ठरवलेलं नसतं.

समुपदेशकाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असं सुचवलं होतं. त्या काळी भर होता तो अभ्यास, विषयांची निवड आणि पुढचा व्यवसाय यांवर. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली, तीही याच विचारातून. ‘पुढे काय?’ हा प्रश्न आजही आहेच. पण समुपदेशकासमोर बसलेल्या मुलाचा प्रश्न बऱ्याचदा ‘आज घरी कसा जाऊ?’ इतका जवळचा असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, ही त्यातली एक सूचना. म्हणजे नेमणूक करायची की नाही, हा वाद आता मिटला आहे. नेमलेल्या माणसाला काम करू द्यायचं की नाही, हा प्रश्न उरतो आणि खासगी शाळांत तो जास्त अवघड होतो.

स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सगळा डोलारा पालकांच्या फीवर उभा असतो. समुपदेशकाचा पगार त्यातूनच होतो, आणि बहुतेकदा करार अकरा महिन्यांचा असतो. पालकांना वाटतं, आपण पैसे भरतो, तर मूल आत काय बोललं ते आपल्याला कळायलाच हवं. संस्थाचालकांना शाळेच्या नावाची काळजी असते. मधल्या काळात कुणी रजेवर गेलं की प्रॉक्सी तास मॅडमकडे, स्नेहसंमेलनाचं निवेदन मॅडमकडे, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना शाळा दाखवून आणायचं कामही मॅडमकडेच. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत तर ‘कौन्सेलर’ म्हणजे परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरून घेणारी व्यक्ती, असाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. तेही काम मोलाचं आहे, पण ते वेगळं आहे. एकाच माणसाच्या गळ्यात दोन्ही कामं अडकवली, तर ज्याला तारखेची मुदत असते तेच आधी होतं. रडू दाबून बसलेल्या मुलीला अशी मुदत नसते.

सर्वांत मोठी गल्लत होते ती शिस्तीच्या बाबतीत. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात ई-सिगारेट सापडते आणि समुपदेशकाला सांगितलं जातं, ‘‘तुमच्याशी तो बोलेल, आणखी कोण कोण आहे तेवढं काढून घ्या.’’ तिने नावं काढून दिली, तर दुपारच्या सुट्टीपर्यंत ही बातमी शाळाभर झालेली असते आणि त्या वर्षी तिच्या खोलीकडे कुणी फिरकत नाही. नावं दिली नाहीत, तर तिच्या नोकरीवर गदा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला आहे. पण त्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत शाळेतला समुपदेशक आपोआप बसत नाही. तिला आधार मिळू शकतो तो शाळेच्या स्वतःच्या लेखी नियमांचा. असे नियम नसतील, तर नाही म्हणायला तिच्याजवळ फक्त स्वतःची हिंमत उरते. एका कंत्राटी नोकरदार बाईकडून रोज एवढ्या हिंमतीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

गुप्ततेलाही सीमा आहे आणि ती मुलांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा त्याच्यामुळे दुसऱ्याला असेल, तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. इथे ‘आधी ट्रस्टींशी बोलून घेऊ’ असा थांबा कायद्यात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, हा प्रश्नही पुढे आलाच. शाळेचं नाव आणि मुलाची सुरक्षितता यांत ओढाताण झाली, तर समुपदेशकाने मुलाच्या बाजूने उभं राहायचं असतं. हे तिच्या नेमणूकपत्रातच लिहिलेलं हवं.

हे घडवायला फार पैसा लागत नाही. खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असण्याऐवजी ग्रंथालयाच्या बाजूला असली, तर आत कोण गेलं हे लोकांच्या डोळ्यांवर येत नाही. चिठ्ठीऐवजी मुलांना स्वतः वेळ मागता यावी. चौकशी समितीत समुपदेशकाला बसवू नये. आणि तिलाही कुणीतरी हवं : शाळेबाहेरचा अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, ज्याच्याशी महिन्यातून एकदा अवघड प्रसंगांविषयी बोलता येईल. ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करत आहे. असा हात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मूल पहिल्यांदा बोलतं ते बहुधा समुपदेशकाशी नाहीच. ते पीटीच्या सरांशी बोलतं, बसमधल्या मावशींशी बोलतं, कधी प्रयोगशाळेच्या मदतनिसाशी. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांत शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे, ते म्हणूनच महत्त्वाचं. मावशींना उपाय माहीत असण्याची गरज नाही. ‘‘चल, मी तुझ्याबरोबर मॅडमपर्यंत येते,’’ एवढं त्यांना सुचलं पाहिजे.

कपाटाचा प्रश्न शेवटी राहतो. समुपदेशकाच्या नोंदी लोखंडी कपाटात असतात. मे महिन्यात करार संपतो, ती जाते, जाताना किल्ली ऑफिसात जमा करते. जूनमध्ये नवी व्यक्ती येईपर्यंत ते कपाट कुणीही उघडू शकतं. त्यात कुणाच्या आईवडिलांचं भांडण असतं, कुणाच्या हातावरच्या ब्लेडच्या खुणांची नोंद असते. त्या नोंदी कुणी पाहायच्या, किती वर्षं ठेवायच्या, कशा नष्ट करायच्या, हे जूनच्या पहिल्या पालकसभेत संस्थाचालकांनी उभं राहून वाचून दाखवायला हवं, आणि मुलांनाही त्या सभेला बसू द्यायला हवं.