संभावना आणि व्यक्ती

ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ४,८०० मनोरुग्णांची तपशीलवार नोंद करून, आणि पुढे काही वर्षे त्यांचा मागोवा घेऊन, अ‍ॅलेक्स पोकॉर्नी या मनोविकारतज्ज्ञाने १९८३ साली जो हिशेब प्रसिद्ध केला, तो तत्त्वचिंतकांनीही वाचावा असा आहे. त्या रुग्णांपैकी ६७ जण आत्महत्येने गेले. संख्याशास्त्रीय कसोटीने ८०३ जण धोक्याचे ठरत होते. त्यांत या ६७ पैकी तीसच निघाले, म्हणजे ७७३ जणांवर नाहक शिक्का बसत होता, आणि ३७ जण मात्र निर्धास्त ठरलेल्यांतूनच गेले.

धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, ते त्यांची व्याप्ती निरपवाद असते म्हणून. येथे हेतू, म्हणजे कसोटीने दाखवलेली धोक्याची खूण, विद्यमान असूनही शंभरांतील शहाण्णव स्थळी साध्याचा, म्हणजे आत्महत्येचा, पत्ता नाही, आणि असा हेतू नैयायिक व्यभिचारी, म्हणजे साध्याला सोडूनही आढळणारा, म्हणून तत्काळ खारीज करील. यावर चार्वाक म्हणेल (नैयायिक उदयनाचार्यांनी त्याचे हे म्हणणे मांडून खोडलेही आहे) की व्यवहाराला निश्चय लागतच नाही, संभावना पुरते. चार्वाकाचा पक्ष मला निम्मा मान्य आहे. रुग्णाची वारंवार विचारपूस करावयास, घरच्यांना सावध करावयास संभावना खुशाल पुरावी. त्याला कुलुपाआड ठेवण्याचा हुकूम काढावयास ती पुरत नाही, कारण तो आकडा एका वर्गाचा असतो आणि कोंडला जातो एक माणूस. शिवाय वर्ग तरी कोणता? तोच गृहस्थ विधुर आहे, मद्यासक्त आहे, आणि नातवंडांत रमणाराही आहे. प्रत्येक वर्गाचा आकडा निराळा, आणि त्याचा स्वतःचा असा एकही नाही.

मग वैद्याच्या अंतर्ज्ञानावरच भिस्त ठेवावी काय? तीही सोय उरलेली नाही. भाकितापुरते पाहिले तर तज्ज्ञाचा अंदाज साध्या गणिती सूत्राहून सहसा सरस ठरत नाही, हे पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून ठेवले आहे.

इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली अशी भाकिते करणाऱ्या मोजपट्ट्या वापरू नयेत असेच बजावले. आमच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ८९ वे कलम रुग्णाला त्याच्या संमतीवाचून दाखल करताना, त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी अलीकडे दिली काय, तसा प्रयत्न केला काय, असे विचारते. त्या माणसाच्याच कृतीविषयीचा हा प्रश्न मला कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक न्याय्य वाटतो.