दोन राज्यांची राजधानी, भाषा मात्र पोरकी

चंडीगडमध्ये गटारांवरची बिडाची झाकणेसुद्धा वाकून पाहावीत अशी आहेत. शहराचा आराखडाच त्यांवर उठावात ओतलेला आहे: सेक्टरांचे चौकोन आणि त्यांना छेदणारे सरळ रस्ते. परदेशातल्या लिलावांत या झाकणांना मोठा भाव येतो. आपल्या नकाशावर इतके प्रेम करणारे शहर विरळाच. पण हे शहर कोणत्या प्रांताचे, ते त्या झाकणावरून कळत नाही आणि रस्त्यावरून फिरतानाही चटकन कळत नाही.

अमृतसरच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. चौथे गुरू रामदास यांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या त्या शहरात हरमंदिर साहिबच्या लंगरापासून गल्लीतल्या कुलचेवाल्याच्या तंदूरपर्यंत पंजाबच पंजाब आहे. तिथून चंडीगडला आलेल्या माणसाला रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर दिसतात. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: परदेशी वास्तुविशारदाने कागदावर आखलेल्या शहराला मातीचा गंध येणार तरी कुठून?

हा आरोप अर्धाच खरा आहे. फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाब राजधानीविना उरला. भूतकाळाच्या परंपरांचे ओझे नसलेले नवे शहर उभे राहावे, ही नेहरूंचीच इच्छा होती. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए आले, सोबत पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. उघड्या काँक्रीटचे सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय उभे राहिले. त्यांत जुन्या पंजाबची नक्कल मुद्दामच टाळलेली आहे. पण गांधीनगर पाहा. तेही आकड्यांच्या सेक्टरांचे, आखून बांधलेले शहर, आणि तरी त्याच्या गुजराती असण्याबद्दल कुणाला शंका येत नाही. भुवनेश्वरची आखणी ओटो कोनिग्सबर्गर या जर्मन माणसाने केली, पण शहर ओडियाच राहिले. तेव्हा सगळा दोष आराखड्यावर ढकलता येत नाही.

फरक पडला तो १ नोव्हेंबर १९६६ रोजी. भाषेच्या आधारे पंजाबची फेररचना झाली, हरियाणा वेगळा झाला आणि चंडीगड केंद्रशासित प्रदेश होऊन दोन्ही राज्यांची राजधानी बनले. एकाच इमारतीत दोन विधानसभा बसू लागल्या. शहराचा स्वतःचा कारभार केंद्राच्या हाती गेला आणि त्याची राजभाषा ठरली इंग्रजी. पंजाबीही नाही, हिंदीही नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नेहरूंनी केलीच होती. चिंतामणराव देशमुखांनी त्यावरून अर्थमंत्रिपद सोडले, फ्लोरा फाउंटनपाशी रक्त सांडले आणि १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. तो लढा हरलो असतो तर मुंबईचे काय झाले असते, याचे उत्तर चंडीगडमध्ये मिळते.

पंजाबने प्रयत्न केले नाहीत असे नाही. स्वातंत्र्यसैनिक दर्शनसिंग फेरुमान यांनी चंडीगडसाठी आमरण उपोषण केले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये प्राण सोडला. १९७० च्या जानेवारीत केंद्राने शहर पंजाबला देण्याचे जाहीर केले, पण बदल्यात अबोहर-फाजिल्का हरियाणाला द्यायचे होते. ते अडले. पुढे पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्या करारात तर हस्तांतराची तारीखही ठरली होती, २६ जानेवारी १९८६. ती आली आणि गेली.

या काळात शहराची भाषा बदलत गेली. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३ टक्के लोकांनी हिंदी ही मातृभाषा नोंदवली, पंजाबी फक्त २२ टक्क्यांनी. पण केवळ या आकड्यांवरून निकाल लावणे चुकीचे ठरेल. मुंबईतही मराठी मातृभाषेचे लोक निम्म्याहून कमीच आहेत. तरी मंत्रालयातली फाइल मराठीत चालते, शासननिर्णय मराठीत निघतो आणि दुसऱ्या प्रांतातून आलेल्या माणसालाही कधी ना कधी मराठी कागद हातात घ्यावा लागतो. प्रांताची भाषा सत्तेच्या दारात उभी असली की शहर तिला विसरू शकत नाही. चंडीगडमध्ये ती दाराबाहेर राहिली.

दाराबाहेर मात्र ती ठणठणीत आहे. संध्याकाळी पोरे गाड्या काढून ठरलेल्या रस्त्यांवर फेऱ्या मारतात, त्याला ‘गेडी’ म्हणतात, आणि गाड्यांत गाणी वाजतात ती पंजाबी. १८८२ मध्ये लाहोरला सुरू झालेल्या पंजाब विद्यापीठाचा वारसा आज इथेच नांदतो. सेक्टर १०च्या सरकारी संग्रहालयात करड्या दगडातल्या गांधार बुद्धमूर्ती आहेत. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहाचीही वाटणी झाली, आणि भारताच्या वाट्याला आलेला ४० टक्के हिस्सा शेवटी इथे पोहोचला. शहराची आखणी कितीही कोरी असो, त्याच्या पोटात लाहोर आहे.

आणि एक जुना पंजाब शहराच्या खालीही आहे. हा पट्टा पुआधचा. पुआधी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची गावे उठवून सेक्टर आखले गेले. काही गावे तगली. सेक्टर ४५ मधले बुडैल त्यांपैकी एक. सरळ रस्ता सोडून आत वळले की चिंचोळ्या, वाकड्या गल्ल्या लागतात, घराला घर चिकटलेले. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तो रास्तच आहे. पण ज्यांच्या जमिनीवर हा वारसा उभा राहिला त्यांची बोली शहराच्या गौरवगाथेत जवळजवळ ऐकूच येत नाही, ही मोठी उणीव आहे. सिडकोच्या नव्या मुंबईतल्या आगरी-कोळी गावांना तिचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

एप्रिल २०२२ मध्ये पंजाब विधानसभेने चंडीगड आपल्याला द्यावे, असा ठराव पुन्हा केला. हरियाणाने लगेच विरोध केला. हा वाद कधी सुटायचा तेव्हा सुटो. पण सरकारी अर्ज, आदेश आणि सूचना पंजाबीतून, आणि हवे तर हिंदीतूनही काढण्यासाठी तो सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. चंडीगडच्या प्रशासनाने एवढे तरी आता करावे.